शाळा सांभाळून इतिहाससंशोधन करताना या चुका टाळा

खाजगी विनाअनुदानित शाळेत इतिहास शिकवणाऱ्या आणि त्याच वेळी मूळ कागदांवर काम करू पाहणाऱ्या शिक्षकांशी बोलताना पहिली तक्रार बहुधा एकच ऐकू येते, ती म्हणजे वेळ मिळत नाही. ती खरीच आहे. आठवड्याचे तीसएक तास, बदली तास, घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका, पालकसभा आणि स्नेहसंमेलन एवढे झाल्यावर दिवसाचे फार थोडे उरते. मात्र पुण्यात सोळा वर्षे शाळा सांभाळून पेशवेकालीन कागद वाचल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, काम वेळेअभावी जितके अडते, त्याहून अधिक ते मध्येच सोडलेला धागा पुन्हा हाती लागत नाही म्हणून अडते. पूर्णवेळ संशोधक काल थांबला तिथून आज पुढे जातो; आपण ऑगस्टमध्ये थांबतो आणि दिवाळीनंतर पुन्हा बसतो. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका या खंडाचा आधीच विचार न केल्यामुळे होतात.

विषयाचा आवाका हीच पहिली अडचण असते. मी सुरुवातीला ‘पेशवेकालीन पुण्यातील कारागीर’ असा विषय घेतला होता आणि तीन वर्षांत माझ्याकडे नुसती टिपणे साठली, लेख एकही झाला नाही. पुढे तोच विषय एका पेठेतील मोहतर्फा, म्हणजे कारागीर-दुकानदारांवरील कर, याच्या वसुलीपुरता आणि दहा-बारा वर्षांच्या काळापुरता आखल्यावर काम हलू लागले. विषय लहान असावा, तसाच तो जवळचाही असावा. इतिहाससंशोधक वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवत होते आणि पटवर्धन सरदारांच्या घराण्यांची दप्तरे, म्हणजे जुन्या कागदांचे संग्रह, मिरज व आसपासच्या संस्थानांतच होती. तेच कागद त्यांनी १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने खंडाखंडाने प्रसिद्ध केले. शाळेतल्या शिक्षकाने त्यांच्याकडून विद्वत्तेइतकीच ही निवडही शिकावी. शाळा सुटल्यावर अर्ध्या तासात जिथे पोहोचता येते, तिथले देवस्थान, वाडा किंवा जुने ग्रंथालय आधी पाहावे. आपल्याच शाळेला शंभर वर्षे झाली असतील, तर तिची जनरल रजिस्टरे हेदेखील पालकांचे व्यवसाय, गावे आणि शाळा सोडण्याची कारणे सांगणारे साधन आहे. त्यासाठी संस्थेची लेखी परवानगी घ्यावी आणि विद्यार्थ्यांची नावे लेखात येऊ देऊ नयेत.

दुसरी चूक म्हणजे सगळे काम मे महिन्याच्या सुट्टीवर ढकलणे. निकाल, प्रवेशप्रक्रिया आणि प्रशिक्षणे वगळली तर त्या सुट्टीतले सलग दिवस बोटांवर मोजता येतील एवढेच राहतात. शिवाय २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाल्यामुळे ज्या शनिवारी आपण दुपारी मोकळे होतो, तो शनिवार शासकीय कार्यालयांच्या सुट्टीचा झाला. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत आणि तिथे मे महिन्यात मिळालेला प्रत्येक कामाचा दिवस मोलाचा असतो. तो मोडी लिपी शिकण्यात घालवणे मला फार चुकीचे वाटते. मोडीचा सराव वर्षभर, रोज वीस-पंचवीस मिनिटे, छापील किंवा छायाचित्रित नमुन्यांवर घरीच करावा. कोणते रुमाल मागवायचे त्याची यादी एप्रिलमध्येच तयार ठेवावी आणि दप्तरात बसल्यावर फक्त वाचन, नक्कल व नोंद करावी. दिवसाच्या शेवटी वहीच्या पानाखाली दोन ओळी लिहाव्यात: आज कुठे थांबले आणि उद्या कोणता कागद आधी उघडायचा. ही साधी सवय मला फार उशिरा लागली.

नोंदींतील चुका मात्र सर्वांत महाग पडतात, म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. एका मे महिन्यात मी प्रांत अजमासातील (पेशवे दप्तरातील प्रांतवार हिशेबांच्या कागदांतील) एक यादी उतरवून घेतली. त्या टिपणावर रुमाल क्रमांक होता, पण पुडक्याचा (रुमालातील लहान गठ्ठ्याचा) क्रमांक आणि कागदाची तारीख लिहायची राहिली. मजकूर डोक्यात ताजा होता, त्यामुळे तेव्हा काही वाटले नाही. सात महिन्यांनी लेखात तो आधार द्यायची वेळ आली, तेव्हा त्या एका ओळीसाठी नैमित्तिक रजा काढून तोच रुमाल पुन्हा सोडावा लागला. तेव्हापासून मजकुराचे पहिले अक्षर लिहिण्याआधी मी दप्तराचे नाव, रुमाल, पुडके, कागदाची मिती आणि आपली पाहण्याची तारीख अशा पाच गोष्टी लिहिते. छायाचित्र काढण्याची परवानगी असेल तेव्हाही कागदाच्या आधी त्या पाच नोंदींच्या चिठ्ठीचे छायाचित्र घेते, कारण मोबाइलमधल्या चारशे चित्रांतून कोणते कुठले हे नंतर सांगता येत नाही.

तारखांचेही तसेच. पेशवेकालीन कागदांवरचा शुहूर सन अरबी संख्यांच्या शब्दांत लिहिलेला असतो आणि त्यात एकम आधी येते. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. हे वर्ष मृग नक्षत्राच्या सुमारास बदलते. म्हणून इसवी सन काढताना मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाच्या शुहूर सनात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाच्या सनात ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणजे ११६१ मध्ये ६०० मिळवायचे. सवयीने ५९९ मिळवले तर पानिपत १७६० मध्ये जाते. पानिपतच्या बाबतीत ही चूक लगेच ध्यानात येते, पण एखाद्या तेल्याच्या दुकानावरील कराच्या नोंदीत ती कोणाच्याही लक्षात येत नाही आणि वसुली घटली की वाढली याचा निष्कर्षच उलटा होऊ शकतो. ‘सबा’ म्हणजे सात आणि ‘सबैन’ म्हणजे सत्तर, ‘समान’ म्हणजे आठ आणि ‘समानीन’ म्हणजे ऐंशी, हा फरक रात्री अकरा वाजता, साठ उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर, डोळ्यांतून निसटतो. दमलेल्या वेळी सूची करावी, शुद्धलेखन पाहावे, टिपणे लावावीत. वाचन आणि कालनिश्चिती सकाळीच करावी.

वर्गाच्या बाबतीत दोन्ही टोकांच्या चुका मी पाहिल्या आहेत आणि एक स्वतः केली आहे. मोहतर्फ्यावर काम चालू असताना मी नववीच्या वर्गात चाळीस मिनिटे त्यावरच बोलत राहिले आणि धडा मागे पडला. मुलांच्या वह्या पाहिल्यावर लक्षात आले की, त्यांच्यापर्यंत त्यातले काहीच पोहोचले नव्हते. उलट काही शिक्षक संशोधन वर्गाबाहेरच ठेवतात, तेही योग्य नाही. राज्य मंडळाच्या २०१८ पासून लागू झालेल्या दहावीच्या पाठ्यपुस्तकातील पहिले दोन पाठ इतिहासलेखनाचेच आहेत. तिथे एका मोडी कागदाची छायाप्रत आणि तिचे देवनागरी वाचन दहा मिनिटे मुलांच्या हाती देणे हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. अशाच एका तासाला एका मुलीने विचारले, “बाई, ज्याच्याकडे दुकानच नव्हतं, डोक्यावर पाटी घेऊन विकायचा, त्याचं नाव या यादीत कसं येणार?” माझ्या लेखातला फिरत्या विक्रेत्यांचा परिच्छेद त्या प्रश्नातून आला. रियासतकार गो. स. सरदेसाई बडोद्याला राजपुत्रांचे शिक्षक होते आणि त्यांच्या ‘रियासत’ या इतिहासग्रंथमालेचे मूळ त्या शिकवण्यासाठी केलेल्या टिपणांत होते, हे इथे आठवते. विद्यार्थ्यांकडून नकला उतरवून घेणे मात्र टाळावे. ते आपले काम आहे.

शाळेला न सांगता पीएच.डी.ची नोंदणी करणे किंवा तोंडी होकारावर विसंबणे ही चूक पुढे त्रासदायक ठरते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार अर्धवेळ पीएच.डी. करता येते, परंतु नोकरीच्या ठिकाणचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळू शकतो आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त केले जाईल, असे त्यात नमूद असावे लागते. माझ्या आधीच्या शाळेत मुख्याध्यापकांनी तोंडी संमती दिली होती. ते निवृत्त झाले आणि नव्या व्यवस्थापनाने तशी काही नोंद नसल्याचे सांगितले, त्यात माझे एक सत्र गेले. अर्जाची पोच घ्यावी, शक्य तर संस्थेच्या ठरावाची प्रत घ्यावी. नोंदणीपासून कमाल सहा वर्षे मिळतात, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि महिलांना त्याखेरीज दोन वर्षांची सवलत आहे. दोन-तीन वर्षे दहावीचे वर्ग येतील असे धरूनच हिशेब मांडावा.

शेवटची चूक लेखनाची. सर्व कागद पाहून झाल्यावर लिहू, असे ठरवले की लिहिणे होत नाही, आणि मग घाईने पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकाकडे लेख जातो. १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकाचे जुने अंक चाळले, तर एकच मूळ कागद, त्याचे वाचन, पान-दोन पानांची प्रस्तावना आणि कठीण शब्दांचे अर्थ अशा छोट्या लेखांचे उत्तम नमुने सापडतात. शाळेच्या वेळापत्रकात बसणारा याहून चांगला लेखनप्रकार मला माहीत नाही. वाचन सुट्टीत झालेले असते, शब्दार्थ पावसाळ्यात एकेक करून लागतात, आणि प्रस्तावना सहामाही परीक्षेनंतरच्या दिवाळीच्या आठवड्यात लिहून होते. माझा पहिला लेख असाच अकरा ओळींच्या एका यादीवरचा होता.