कोर, मॅक्सिंग, पिल्ड, कोडेड: रील्सवरचं इंग्रजी कसं वाचायचं आणि कधी वापरायचं

कॅप्शनमधे कॉटेजकोर, स्लीपमॅक्सिंग असलं काही दिसलं की लगेच डिक्शनरी उघडू नका. आधी मागचं शेपूट तोडा. पुढे उरतो तो शब्द साधाच असतो, आणि शेपटं मोजकीच आहेत.

कोर सगळ्यात सोपं. हे आलं हार्डकोरमधून, म्हणजे पंक म्युझिकवाल्यांकडून. 2013 मधे न्यूयॉर्कच्या के-होल नावाच्या, ट्रेंडचा अंदाज बांधणाऱ्या ग्रुपच्या रिपोर्टमधे नॉर्मकोर आलं, पुढे लोक साध्यासुध्या कपड्यांच्या फॅशनलाच ते म्हणायला लागले, आणि 2020 च्या लॉकडाऊनमधे कॉटेजकोर पसरलं: गावाकडचं घर, घरी भाजलेला ब्रेड, फुलाफुलांचे फ्रॉक. म्हणून कोर लावायचं ते ज्याचं चित्र डोळ्यासमोर येतं त्यालाच. कोकणकोर मस्त चालेल, कौलं, चिरा, पडवीतला झोपाळा, सगळं एका फ्रेममधे बसतं. मंडेकोर मला तरी पटत नाही, त्यात दिसणार काय?

मॅक्सिंग म्हणजे एकाच गोष्टीच्या पार मागे लागणं, रोमनमधे लिहिताना दोन एक्स. मूळ गेमिंगमधलं मिनमॅक्सिंग, बाकी सगळं सोडून कॅरेक्टरची एकच ताकद वाढवत न्यायची. तिथून ते बायकांचा द्वेष करणाऱ्या इन्सेल फोरमवर गेलं, लुक्समॅक्सिंग झालं, आणि 2023 च्या सुमारास टिकटॉकवर पोरं धारदार जबड्यासाठी काय काय करायला लागली, काही जण तर चेहऱ्याच्या हाडांवर ठोकून घ्या असंही सांगत होते! स्लीपमॅक्सिंग, प्रोटीनमॅक्सिंग खुशाल वापरा, पण घरातल्या शाळकरी मुलाच्या तोंडी लुक्समॅक्सिंग आलं तर न ओरडता शेजारी बसून तो काय बघतोय ते बघाच.

पिल्डचंही तसंच. पिल म्हणजे गोळी. 1999 च्या मॅट्रिक्स सिनेमातली खरं जग दाखवणारी लाल गोळी, ती पुरुषवादी ग्रुपांनी उचलली, आता नुसतं 'पूर्ण पटलंय' एवढाच अर्थ उरलाय. रोज सायकलने ऑफिसला जाऊन इतरांनाही तेच सांगत सुटलेला माणूस सायकलपिल्ड. पण रेडपिल्ड, ब्लॅकपिल्ड हे दोन शब्द हलक्यात घेऊ नका, त्यांच्यामागे अजून तीच विचारसरणी आहे.

कोडेड म्हणजे थेट न सांगता तसं वाटणं. सिनेमाच्या अभ्यासातून आलंय. कॅरेक्टरला 'थोरली बहीण कोडेड' म्हटलं की ती थोरली असेलच असं नाही, वागते मात्र तशी.

आपल्याकडे टिकटॉक जून 2020 मधेच बंद झालं, त्यामुळे हे सगळं रील्समधून उशिरा पोचतं. वापरायच्या आधी ताज्या पोस्ट चाळा, आणि ऑफिसच्या मेलमधे तर नकोच.