बाहेरची पथकं येण्याआधी: किनाऱ्यावरच्या वीज उपविभागाची तयारी

वादळानंतर वीज दुरुस्तीला येणारं पथक कुठल्याही जिल्ह्यातून येवो, त्याच्याबरोबर गावची वाट माहीत असलेला एक स्थानिक जनमित्र (महावितरणचा लाइनमन) हवाच. त्याचं नाव वादळाचा इशारा मिळाला त्याच दिवशी ठरवा. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा खांबांबरोबर मोबाइलचं नेटवर्कही गेलं, कोण कुठे आहे हे विचारायची सोय उरली नाही. म्हणून फीडरचा (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीचा) नकाशा कागदावर काढून प्लास्टिकमध्ये घाला. त्यावर एबी स्विच (खांबावरून वाहिनी तोडायचा स्विच), डीपी (रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बसवलेली जागा) आणि ट्रक जिथून पुढे वळत नाही तो नाका हाताने लिहा.

साहित्य मागवताना व्होल्टेज आणि तारेचं नाव आधी कळवा. रायगडात बऱ्याच ठिकाणी 22 केव्ही (22 हजार व्होल्ट) आहे. तिथे 11 केव्हीचे पिन इन्सुलेटर (तार खांबापासून अलग ठेवणारे) आले तर पेट्या तशाच पडून राहतात. रॅबिट ही जाड तार, वीझल बारीक; रॅबिटची स्लीव्ह (तारेची दोन टोकं जोडणारी नळी) वीझलला सैल होते, दाबली तरी ताण पडताच तार सुटते. दोन्हींच्या स्लीव्ह आणि क्रिम्पिंगच्या डाय (स्लीव्ह दाबायचे साचे) वेगळ्या डब्यांत ठेवा, डब्यावर नाव टाका. 9 मीटरच्या खांबाला दीड मीटर खड्डा लागतो आणि जांभ्यात नुसत्या पहारीने दिवस जातो, तेव्हा दगड फोडायचा ब्रेकर सांगून ठेवा. नारळी-पोफळीच्या वाड्यांत आधी झाडं हटवावी लागतात. दर पथकाला एक चेन सॉ, दोन सुट्या साखळ्या आणि टू-टी तेल द्या. साखळी वाळूला टेकली की बोथट झालीच.

सगळ्यात जास्त वेळ परमिटला, म्हणजे वाहिनी बंद करून काम करायच्या लेखी परवानगीला, द्या. परमिट एकाच्याच नावावर निघतं आणि त्याच्याच सहीने परत होतं. फोनवरचं ‘बंद केलंय’ धरायचं नाही. तार पडलेली दिसते म्हणून ती मेलेली नसते. बंगल्यातला जनरेटर चेंजओव्हरशिवाय (बाहेरची आणि जनरेटरची वीज वेगळी ठेवणाऱ्या स्विचशिवाय) जोडला असेल, तर तो वीज उलटी रोहित्रात ढकलतो आणि वर 22 केव्ही तयार होतात. म्हणून डीपीचे फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा, टेस्टर लावून बघा, मग कामाच्या दोन्ही बाजूंना तिन्ही तारा शॉर्ट करून अर्थिंग करा. पाहुण्या पथकाला हे पहिल्या सकाळी समोर उभं राहून सांगा, मगच चढू द्या.

राहण्याची सोय शाळेत होते. कोरडी खोली, पिण्याचं पाणी आणि सातच्या आत नाश्ता एवढं पाहा.

पथक निघण्याआधी त्याने मारलेले तात्पुरते जम्पर (तारा जोडणारे तुकडे) कुठल्या खांबांवर आहेत ते नकाशावर लाल पेनाने लिहून घ्या आणि उतरवलेल्या तारेचं वजन करून पावती द्या.