लॉन काढून जलपिंपळी कशी लावायची

लॉन कापायच्या पेट्रोल मोवरमध्ये १ लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. यंत्र टू-स्ट्रोक असेल तर थोडं इंधन न जळताच धुरासोबत बाहेर पडतं. पाण्याचा हिशेब वेगळाच: १०० चौरस मीटर लॉनला एकदा २५ मिमी पाणी द्यायचं म्हणजे २,५०० लिटर. इतकं करून सतत छाटलेल्या गवतात मधमाशीसाठी एक फूल उरत नाही.

लॉनऐवजी उन्हाच्या जागेला जलपिंपळी (Phyla nodiflora) ही वेल चांगली. जमिनीलगत पसरते, बेताचं चालणं सोसते, कापणी फारशी मागत नाही. अर्धसावलीत शोभेचा भुईमूग लावा. त्याच्या मुळांच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र त्याला मिळवून देतात, म्हणून युरिया लागत नाही.

खरी मेहनत जुनं गवत काढण्यात आहे. इथे घाई केली की पुढचं सगळं फसतं. हरळीवर नुसता पुठ्ठा अंथरून भागत नाही, तिच्या काश्या (जमिनीखाली पसरणारी खोडं) पुठ्ठ्याच्या सांध्यांतून वर येतात. वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना, १५ ते २० सेंमी खणा आणि काश्या हाताने वेचा. कुदळीने तुटलेला प्रत्येक तुकडा पुन्हा फुटतो. मग पाणी देऊन तीन आठवडे जागा मोकळी ठेवा, उरलेली हरळी उगवून येईल, तीही मुळासकट काढा. सगळं अंगण एकदम उकरू नका, आधी ४-५ चौरस मीटर करून बघा.

आता २-३ सेंमी कंपोस्ट मिसळून जमीन सपाट करा. जलपिंपळीचे १०-१२ सेंमीचे फाटे घ्या, दोन पेरं मातीत जातील असे ३० सेंमीवर खोचा. चौरस मीटरला साधारण ११ लागतात. पहिले दोन आठवडे माती सुकू देऊ नका, पुढे पाणी हळूहळू कमी करा. वेली एकमेकींना भिडेपर्यंत खुरपणी चुकवू नका. पाणी साचू नये म्हणून किंचित उतार हवा.

ही वेल फार पसरते. ऑस्ट्रेलियात नदीकाठच्या कुरणांत तिची जवळची जात (Phyla canescens) उपद्रवी तण ठरली आहे. ओढ्याजवळ लावूच नका, आणि कडेला १५ सेंमी खोल विटा किंवा पत्रा गाडा. फुलं आली की मधमाश्या येतात. मुलं अनवाणी खेळणार असतील तर तेवढ्या भागातली फुलं आधी छाटा.