मृगाआधी ओबेसाची तयारी

युफोर्बिया ओबेसा, म्हणजे चेंडूसारखं गोल, बिनकाट्याचं, अंगात पाणी साठवणारं (सक्युलंट) झाड, आणायचं मनात असेल तर रोपाची ऑर्डर सगळ्यात शेवटी द्या. आधी छप्पर, मग माती, मग कुंडी. हे तिन्ही जागेवर आलं की मगच रोप. या झाडाचं रोजचं करणं फार थोडं आहे. ते जगणार की सडणार हे बहुतेक वेळा ते घरी येण्याआधीच ठरलेलं असतं. सांगली-मिरजेकडे ही तयारी होळीपर्यंत संपवायची आणि रोप गुढीपाडव्याच्या आगेमागे आणायचं. म्हणजे मृग निघेपर्यंत मुळं धरायला त्याला दोन-अडीच महिने मिळतात. जूनमध्ये आणलेलं रोप मुळं न धरताच पावसाळी दमट हवेत अडकतं. त्यापेक्षा पुढची थंडी सरेपर्यंत थांबलेलं बरं.

हे झाड मूळचं कुठलं हे नीट समजून घेतलं की निम्मी यादी आपोआप तयार होते. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात ग्रेट करू नावाचा कोरडा मुलुख आहे. त्यातल्या ग्राफ-रेनेट गावाच्या आसपासच्या छोट्याशा पट्ट्यातच ओबेसा उगवतो. तिथे वर्षाचा पाऊस ३०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बराचसा उन्हाळ्याच्या दिवसांत. जमीन खडकाळ, आणि झाड वाढतं ते दगडांच्या मधोमध, खुरट्या झुडपांच्या आडोशाला. थंडीत गारठा कडक, पण कोरडा. आपल्याकडे जत, आटपाडी, माण, खटावची हवा त्याला त्यातल्या त्यात मानवेल. सांगली शहरात पाऊस त्याच्या गावापेक्षा दुपटीच्या घरात, साताऱ्यात त्याहून जास्त, आणि पाटण-महाबळेश्वरकडचं तर बोलायलाच नको. तेव्हा आपल्या तयारीतलं मोठं काम म्हणजे पाणी देणं नाही, पाणी अडवणं आहे.

म्हणून पहिलं छप्पर. गच्चीवर किंवा अंगणात, दक्षिणेकडून ऊन येईल अशा जागी पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा बसवून घ्या. चारी बाजू उघड्या ठेवा, वारा खेळता पाहिजे. पत्रा कुंड्यांच्या बाहेर निदान दोन-अडीच फूट यायला हवा, कारण आपल्याकडे घात करतो तो श्रावणातला रिमझिम पाऊस नाही. वळीव आणि परतीचा पाऊस हे दोघे आडवे येतात. एप्रिलमधल्या दुपारी चाळीस अंशांत तापलेल्या झाडावर वळवाची सर पडली आणि पुन्हा लख्ख ऊन आलं, तर मुळाशी उकाडा साठतो आणि झाड बुडाकडून मऊ पडायला लागतं. पश्चिमेच्या बाजूला गुंडाळता येईल असा प्लास्टिकचा पडदा बांधून ठेवा, ढग दाटले की सोडायला. छपराखाली पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट लागेल, ती मार्चअखेरीपासून पाऊस सुरू होईपर्यंत. तासगाव, पलूस, मिरजेकडच्या शेती साहित्याच्या दुकानांत हे सगळं मिळतं. द्राक्षबागांमुळे तिथल्या माणसांना नेट आणि प्लास्टिक यांची चांगली जाण असते, त्यांना विचारून घ्या. कृष्णाकाठच्या सखल भागात राहत असाल तर कुंड्या पहिल्यापासून गच्चीवरच ठेवा. २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्यांना याचं कारण सांगायला नको.

मग माती. खरं म्हणजे तिला माती म्हणू नये इतकी कमी माती त्यात असते. आपली काळी रानमाती एक मूठसुद्धा नको. ती पाणी धरून बसते आणि सुकली की आवळून मुळं तोडते. क्रशरवरून बारीक खडी आणा आणि दोन चाळण्यांतून चाळा. साधारण दोन ते सहा मिलिमीटरचे दाणे ठेवायचे, भुकटी टाकून द्यायची. हे दाणे बादलीत घेऊन धुवा. पहिलं पाणी राखेच्या रंगाचं येतं, दुसरं-तिसरंही गढूळच असतं. बादलीचा तळ स्वच्छ दिसेपर्यंत धुवत राहा. या कामाचा कंटाळा येतो, पण तीच भुकटी पुढे कुंडीच्या तळाशी बसून चिखल होते. असे तीन भाग दाणे, त्यात एक भाग पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत. मिळालं तर थोडं प्युमिस किंवा परलाइट (हलके, सच्छिद्र खनिज दाणे) घाला. नाही मिळालं तर विटेचा चाळलेला चुरा चालतो. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मी घालत नाही. सुकलेलं कोकोपीट पाणी घेत नाही आणि भिजलेलं सोडत नाही, आणि या झाडाला दोन्ही नको. मिश्रण रिकाम्या कुंडीत भरून तांब्याभर पाणी ओता. ते वर तुंबता कामा नये. ओतता ओतता खालून निघालं पाहिजे. निघत नसेल तर आणखी खडी घाला आणि पुन्हा ओतून पाहा.

कुंडी मातीची, बिनरंगाची, कुंभाराकडची. ओबेसाचं मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं, म्हणून पसरट नको, खोल हवी: दोन इंची रोपाला चार इंच तोंडाची आणि सहा इंच खोलीची पुरते. तळाचं भोक बहुतेक वेळा लहान असतं, ते कानसीने मोठं करून घ्या आणि त्यावर जाळीचा तुकडा ठेवा. तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर घालण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. इथे तो घालू नका. त्या थरामुळे पाणी लवकर निघत नाही, उलट ओलावा थराच्या वर, मुळांच्या जवळ थांबतो. वरपासून खालपर्यंत एकच मिश्रण भरा. मोठी कुंडी घेऊन ठेवली की झाड पुढे वाढेल हा हिशेबही इथे चालत नाही. मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते.

आता रोप कुणाकडून घ्यायचं ते. जोसेफ हूकर यांनी १९०३ मध्ये या प्रजातीचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत संग्राहकांनी आणि व्यापाऱ्यांनी करूमधली झाडं इतकी उपटली, की मूळ जागी ती दुर्मीळ झाली. आज नर्सऱ्यांमध्ये बियांपासून भरपूर रोपं तयार होतात, त्यामुळे रानातलं झाड विकत घ्यायला कुठलंही कारण उरलेलं नाही. विक्रेत्याला सरळ विचारा: बियांपासूनचं आहे का, किती वर्षांचं आहे? बुडाशी राठ तपकिरी साल चढलेलं, जुन्या जखमांचे व्रण असलेलं मोठं झाड कुणी कागदांशिवाय देत असेल तर घेऊ नका. सक्युलंट युफोर्बिया साइट्स कराराच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत. परदेशातून मागवायचं तर साइट्सचा परवाना, रोपाचं आरोग्य प्रमाणपत्र आणि २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आयात परवाना लागतो. हौशी माणसाने एवढ्यात न पडता भारतात बियांपासून वाढवलेलं रोप घ्यावं, हे उत्तम. आपल्याच सज्जनगडाच्या कड्यांवर शिंदळ माकुडी आहे. तीही सक्युलंट, महाराष्ट्राबाहेर कुठेच रानात सापडत नाही, आणि तिच्या गणगोतातली बरीच झाडं आफ्रिकेत. कड्यावरून तिची फांदी खुडून आणणारे पाहिले की करूमध्ये काय झालं असेल याचा अंदाज येतो. ओबेसा बियांचाच घ्या, आणि माकुडी कड्यावरच राहू द्या.

खरा ओबेसा ओळखायला सोपा आहे. काटे नाहीत, पानं जवळजवळ नाहीत, अंग सोललेल्या संत्र्यासारखं बहुधा आठ पाकळ्यांत विभागलेलं, राखाडी हिरवं, त्यावर आडवे जांभळट पट्टे. पाकळीच्या कण्यावर जुनी फुलं गळून गेलेल्या खुणांची एक सरळ ओळ दिसते. तिथे वाळलेल्या देठांच्या काटक्या टिकून असतील तर ते युफोर्बिया मेलोफॉर्मिस (ओबेसासारखीच दिसणारी दुसरी प्रजात) किंवा संकर असण्याची शक्यता जास्त. बुडाशी पिल्लांचा घोस असेल तरी संकराचा संशय घ्या; ओबेसा सहसा एकटाच वाढतो. एकच मोठं झाड घेण्यापेक्षा तीन-चार लहान घ्या. यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि फुलं येईपर्यंत कुठलं कोणतं ते कळत नाही.

रोप हातात घेण्याआधी हातमोजे आणि चष्मा जवळ ठेवा. माण-जतकडे शेराचं कुंपण असलेल्या घरात वाढलेल्यांना चिकाची भीती माहीत असते. शेरही मूळचा आफ्रिकेतला, याच कुळातला, आणि ओबेसाचा चीकही तसाच पांढरा आणि त्रासदायक. हाताला लागला तर साबणाने धुवा, तोवर डोळ्याला हात लावू नका. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुऊन थेट डॉक्टर गाठा. लहान मुलं आणि गाई-गुरं पोचणार नाहीत अशी मांडणी आधीच करून ठेवा.

कुरिअरने आलेलं रोप लगेच लावू नका. मुळांवर पांढरा कापसासारखा पुंजका आहे का ते भिंगाने पाहा. तो मुळावरचा पिठ्या ढेकूण. असला तर मुळं धुवून घ्या, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या ब्रशने पुसा. तुटलेल्या मुळांवर गंधकाची भुकटी लावा आणि रोप सावलीत तीन-चार दिवस सुकू द्या. मग कोरड्या मिश्रणात लावा आणि पहिला आठवडा पाणी नाही. महिनाभर बाकीच्या झाडांपासून दूर ठेवा. उन्हाची सवयही हळूहळू लावायची, आधी सकाळचं तासभर, मग वाढवत न्यायचं. या झाडाला एकच अंग आहे; भाजल्याचा डाग पडला की तो कायमचा.

पाण्याचं सांगायचं तर, उन्हाळ्यात कुंडी आतपर्यंत सुकली की संध्याकाळी भरपूर द्यायचं, मग पुन्हा सुकेपर्यंत थांबायचं. उचलून पाहिलं की वजनावरून कळतं. पावसाळ्यात सलग चार-पाच दिवस उघडीप असेल तेव्हाच थोडं. थंडीत महिन्यातून एकदा किंवा तेही नाही. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर पावसाचं साठवून ठेवा. त्यासाठी छपराच्या पन्हाळीखाली झाकणाचं पिंप आत्ताच लावून घ्या. साताऱ्यात, वाईत, पाटणात जुलै-ऑगस्ट दोन महिने कुंड्या घरात उजेडाच्या खिडकीशी घ्या आणि छोटा पंखा लावा. बंद खोलीतली दमट हवा पावसाइतकीच वाईट.

उन्हाळ्यात लाल कोळी येतो आणि अंगावर तपकिरी खरबरीत ओरखडे सोडतो. द्राक्षवाल्यांकडचं पाण्यात विरघळणारं गंधक चालतं, पण भर उन्हात, तापमान पस्तिशीच्या वर असताना फवारू नका, अंग भाजतं.

दोन वस्तू शेवटी आणून ठेवा, जरी त्या लागायला काही वर्षं असली तरी: बारीक मऊ ब्रश आणि मलमलीच्या छोट्या पिशव्या. फुलं काही मिलिमीटरचीच, माथ्याजवळ येतात. नराच्या फुलावर पिवळे पराग दिसतात, मादीच्या फुलातून तीन तोंडांचा बीजांडकोश वर येतो. सकाळी ब्रशने पराग मादीवर न्या. बोंड धरलं की पिशवी बांधा, कारण पिकलेलं बोंड तडकून तिन्ही बिया लांब उडवतं. बी ताजं असतानाच, पंचवीस-तीस अंशांच्या उबेत, त्याच खडीच्या मिश्रणावर पेरा, वरून दाण्यांचा पातळ थर द्या, आणि रोपं वर येईपर्यंत ट्रेवर काच ठेवा.