चार तास गप्प बसायची तयारी

ताडोब्याच्या मोहर्ली गेटातून आत शिरून तासभर झाला होता. उजव्या हाताच्या बांबूतून एकदम सांबर ओरडलं, जुन्या एसटीचा भोंगा अर्धवट दाबावा तसं, एकदाच. गाइड मागे न वळता म्हणाला, "बंद करा जी गाडी. सांबर बोलून राह्यलं." इंजिन थांबलं. तापलेल्या बॉनेटची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. आणि नेमकं तेव्हाच मी कॅमेऱ्याच्या बॅगेचं वेल्क्रो उघडलं. खर्रर्र! बांबूत काहीतरी वळलं, वाळक्या पानांवर तीन-चार पावलं वाजली आणि थांबली. आत काय होतं ते कळलंच नाही. गाइड काही बोलला नाही. पुढच्या सीटवरच्या काकूंनी मात्र मागे वळून जे पाहिलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून सफारीची पिशवी भरताना प्रत्येक वस्तूला दोनच प्रश्न विचारतो: ही वाजणार आहे का, आणि ही काढायला मला हलावं लागणार आहे का? पुढची सगळी यादी या दोन प्रश्नांतून तयार झाली आहे. लिहिताना डोळ्यांसमोर ताडोबा आहे, पण पेंच, नागझिरा, बोर, कुठेही फारसा फरक पडत नाही.

सगळ्यात आधी बुकिंग. ते वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. मिळतंजुळतं नाव घेतलेल्या खासगी साइट शोधल्यावर वरच दिसतात, म्हणून पत्ता दोनदा वाचा. बुकिंगला ज्या ओळखपत्राचा नंबर द्याल, तेच मूळ ओळखपत्र गेटवर हातात हवं, मुलांचंसुद्धा. ताडोब्याचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, दर मंगळवारी बंद असतो आणि पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर पूर्ण बंद. त्या काळात बफरमधली, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातली, काही गेटं चालू असतात, पण पाऊस काय करील त्याचा नेम नाही. जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत, सहा पर्यटक, शिवाय गाइड आणि चालक. तुम्ही चौघं असाल तर पूर्ण गाडी घेणं परवडतंय का ते बघा. अनोळखी जोडीदार चांगलेही निघतात, पण त्यांच्या तोंडाची हमी तुम्ही देऊ शकत नाही.

गेट ठरवा, मग राहायची जागा. हा क्रम उलटा केला की काय होतं ते मी भोगलंय. एका वर्षी खोली मोहर्लीजवळ घेतली, स्वस्त मिळाली म्हणून खूशही होतो, आणि सफारी मिळाली कोलाऱ्याची. नकाशावर दोन्ही ताडोबाच. प्रत्यक्षात मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूला आणि कोलारा चिमूरच्या, मध्ये अख्खं जंगल. आतून पलीकडे जाता येत नाही, बाहेरून मोठा वळसा. पहाटे अडीचला उठून अंधारात गाडी हाकली, गेटावर पोचलो तेव्हा निम्मे लोक पेंगत होते आणि पहिला अर्धा तास मीही पेंगलो. गेटपासून पंधरा-वीस मिनिटांच्या आत खोली मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

सफाऱ्या किती? एका सफारीच्या भरवशावर पुण्या-मुंबईहून जाऊ नका. कमीत कमी तीन, जमलं तर चार, आणि शक्यतो एकाच गेटाने. "काल त्या गेटला दिसला" ऐकून दर वेळी गेट बदलणारे बहुतेक कालच्याच वाघाच्या मागे पळत असतात. हिशोबही मनात ठेवा. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ नोंदले गेले, पण पर्यटनाला कोअरचा जास्तीत जास्त वीस टक्के भागच खुला ठेवायचा असा नियम आहे. उरलेल्या ऐंशी टक्क्यांत वाघ तुमच्याविना सुखात आहे. एकाच भागात चार फेऱ्या झाल्या की वळणं ओळखीची होतात, कुठल्या पाणवठ्यावर सकाळची सावली असते ते कळतं, आणि मग काही बदललेलं असलं की डोळ्यांना खटकतं.

महिना कोणता, यावर घरात वाद होतोच. वाघच बघायचा असेल तर एप्रिल-मे. साग निष्पर्ण होतो, झुडपांतून आरपार दिसतं आणि जनावरं पाणवठ्यावर येतात. चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, ही त्याची किंमत. लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर मी नोव्हेंबर ते फेब्रुवारीच सांगतो. जंगल दाट असतं, वाघ कमी दिसतो, पण माणसं टिकतात. ऑक्टोबरचं हिरवंगार जंगल फोटोत फार सुंदर येतं, तेवढंच.

कपड्यांचं खूळ लोक जरा जास्तच घेतात. अंगभर लष्करी छाप घालायची काही गरज नाही. मातकट, खाकी, मळकट हिरवं, घरात असेल ते चालेल. पांढरंशुभ्र आणि भडक टाळा. रंगापेक्षा हालचाल लवकर दिसते, आणि सळसळणारं नायलॉनचं जाकीट तर लांबूनच ऐकू जातं. हिवाळ्यात उघड्या जिप्सीत पहाटेचा वारा हाडात शिरतो, म्हणून एकावर एक घाला: बनियन, शर्ट, स्वेटर, वर वारा अडवणारं मऊ कापडाचं काहीतरी. कानटोपी आणि हातमोजे विसरू नका; बोटं बधिर झाली की दुर्बीण फिरवता येत नाही. नऊ वाजले की हेच सगळं उतरवावं लागतं, तेव्हा चेनपेक्षा बटणं बरी. उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, टोपी, आणि डोक्याला-नाकाला गुंडाळायला विदर्भात जो दुपट्टा वापरतात तो. पुढच्या गाडीची धूळ अशी बसते की संध्याकाळी भुवया विटकरी दिसतात. डोळ्यांत लेन्स लावणाऱ्यांनी त्या दिवशी चष्मा लावावा.

कॅमेरा नसला तरी चालेल. दुर्बीण मात्र हवीच, आणि ती माणशी एक. एकच दुर्बीण तिघांत फिरवली की पक्षी उडतो आणि संसारात कुरबुर होते, ती वेगळीच. आठ पटींची, ४२ मिलिमीटर भिंगाची जोडी पुरते. जास्त पटींची घेतली तर हलत्या गाडीत चित्र थरथरतं. घरी गच्चीवरून समोरच्या टाकीवरचा कावळा पटकन टिपायची सवय करा, जंगलात फोकस शोधत बसायला वेळ मिळत नाही. कॅमेरा नेणार असाल तर तिकाटणं (ट्रायपॉड) घरीच राहू द्या. बीनबॅग, म्हणजे लेन्सखाली टेकू द्यायची कापडी पिशवी, रिकामी न्या आणि तिथे पोचल्यावर तांदूळ भरा, जिप्सीच्या दांड्यावर ठेवली की जड लेन्सही स्थिर बसते. धुळीत लेन्स बदलू नका. शटरचा आवाज कमी करायची सोय असेल तर ती आदल्या रात्रीच शोधा, फ्लॅश बंद करा. आणि वेल्क्रोची बॅग... असो. मी आता कॅमेरा जुन्या सुती पिशवीत ठेवतो. ताडोब्याच्या कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही, तेव्हा मनगटी घड्याळ घाला आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा की चार-पाच तास फोन लागणार नाही.

पोटाचं सांगायलाच हवं, कारण सफारी सगळ्यात जास्त वेळा इथेच बिघडते. आत मनात येईल तिथे उतरता येत नाही, ठरलेल्या एखाद्या ठिकाणीच. पहाटे चहा अर्धा कप घ्या. गेटावरच्या स्वच्छतागृहात जाऊन या, गरज वाटत नसली तरी. आदल्या रात्री सावजी चिकन समोर आलं तर मोह आवरा. परतीच्या रात्री खा. पाणी पुन्हा भरता येईल अशा बाटलीत. खाऊ कागदात नाही, डब्यात, कारण बिस्किटाच्या पुड्याचा आवाज वानरांनाही चांगला ओळखता येतो. पाठीचं दुखणं असलेल्यांनी मधली किंवा पुढची सीट मागून घ्यावी. मागची सीट उंच असते, दिसतं छान, पण प्रत्येक खड्डा थेट मणक्यात जातो. गरोदर बाईने जिप्सीची सफारी टाळलेलीच बरी.

आता कानांची तयारी. पैसा लागत नाही आणि उपयोग सगळ्यात जास्त, तरी कोणी करत नाही. जायच्या आधी आठवडाभर चितळ, सांबर, भेकर आणि वानर यांचे इशाऱ्याचे आवाज ऐकून ठेवा. चितळाची तीक्ष्ण शिट्टीसारखी हाक सतत ऐकू येते. ते जरा घाबरट जनावर, साध्या संशयानेही ओरडतं. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. वानर झाडाच्या शेंड्यावरून खाली बघत असतं, त्यामुळे त्याचं खॅक-खॅक ऐकलं की ते कुठे बघतंय ते आधी पाहा. आणि सांबर. ते उगाच बोलत नाही. शेपटी उभी, पुढचा पाय आपटतोय, मान एकाच दिशेला रोखलेली आणि मध्येच तो भोंगा, असं दिसलं तर गाइडला काही विचारू नका. गप्प राहा. हाका एका बाजूने सरकत येत असतील तर जनावर चालतंय. एकाच जागी थांबल्या असतील तर ते बसलंय. रस्त्याच्या धुळीतले ठसे गाइड दाखवेल तेव्हा नीट वाकून बघा. मागच्या पायाचा ठसा चौकोनात बसत असेल तर बहुधा नर, लांबट असेल तर मादी. ठशावर गाडीच्या चाकाची खूण आहे की चाकाच्या खुणेवर ठसा, यावरून तो कधीचा ते ठरतं.

त्या वेल्क्रोच्या सफारीनंतर दुसऱ्या दिवशी दुपारी एका पाणवठ्यावर पाऊण तास थांबलो. काही नाही. टकाचोर पक्षी येऊन पाणी प्यायला, एक मुंगूस गेलं. सहापैकी दोघांनी "चला ना पुढे" सुरू केलं. तेवढ्यात जांभळीमागून वाघीण आली, अजिबात घाई न करता, पाण्याकडे पाठ केली आणि मागचे पाय आधी टाकत उलटी पाण्यात उतरली. वाघ पुष्कळदा असेच उतरतात, तोंडावर पाणी उडालेलं त्यांना आवडत नसावं. मानेपर्यंत बुडून ती डोळे मिटून बसली. गाडीत कोणी श्वासही जोरात घेत नव्हतं.

असं काही समोर आलं तर उभे राहू नका, हाका मारू नका आणि चालकाला पुढे घ्यायला सांगू नका. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वन्यप्राण्यापासून किमान वीस मीटर अंतर सांगितलं आहे. "जरा अजून घ्या ना, वर देऊ काहीतरी" असं म्हणणारा पर्यटक स्वतः बहुतेकदा सुटतो, कारवाई होते ती गाइड आणि चालकावर. ही माणसं जवळच्याच गावातली असतात. निघताना नाव विचारा, वाघ दिसो न दिसो बक्षिसी द्या, आणि पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाका की आम्हाला पक्षी, झाडं, सगळं बघायचंय. वाघ दाखवायचं ओझं उतरलं की गाइड खुलतो. अस्वलाने फोडलेलं वारूळ, सागाच्या खोडावरचे नखांचे ओरखडे, कांडोळाचं पांढरंफटक झाड, तळ्यातली मगर, कोळसुंद्यांची (रानकुत्र्यांची) टोळी, हे सगळं मला अशाच फेऱ्यांत दिसलं.

मेळघाटला जाणार असाल तर ही गोष्ट दुपटीने खरी. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत ते होतं, पण डोंगर-दऱ्यांच्या त्या पसाऱ्यात वाघ दिसणं महामुश्कील. तिथे गव्यासाठी जा, नाहीतर रानपिंगळ्यासाठी. नामशेष समजला गेलेला हा छोटा घुबड १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि मेळघाटातही आहे. तिथे आठ पटींची दुर्बीण वाघापेक्षा याच्यासाठी लागेल.

शेवटचं काम परतीचं. शेवटची सफारी संध्याकाळची असेल तर त्याच रात्री नागपूर गाठायचा बेत करू नका. बफरमधून जाणारे रस्ते अंधारात जनावरांचेच असतात. मुक्काम करा, बीनबॅगमधले तांदूळ खोलीच्या मालकाला देऊन टाका आणि सकाळी निघा. निघावंच लागलं तर वेग चाळीसच्या आत, हॉर्न नाही, आणि दिव्याच्या उजेडात हिरवट डोळ्यांची एक जोडी चमकून रस्ता ओलांडून गेली तरी लगेच पुढे काढू नका. चितळ सहसा एकटं नसतं.