जुन्या लष्करी रायफली आणि कालबाह्य काडतुसे जमवताना या चुका टाळा

शंभर-दीडशे वर्षे कोठारांत आणि मोहिमांत टिकलेल्या रायफलीचे न भरून येणारे नुकसान अनेकदा नव्या मालकाच्या हाती ती आल्यावर पहिल्याच आठवड्यात होते. गंज दिसला म्हणून घासली, पितळ काळे पडले म्हणून उजळले, काडतूस बसते का म्हणून घालून पाहिले. हेतू चांगला असतो, पण वस्तूची ओळख पटण्याआधी हात चालतो. खालच्या बहुतेक चुका याच घाईतून होतात.

रिकामीच असेल असे धरून चालणे

ठासणीच्या बंदुका भरलेल्या अवस्थेत सापडतात, आणि कोरडी राहिलेली काळी दारू दीडशे वर्षांनंतरही पेट घेते. म्हणून कोणतीही ठासणीची बंदूक हातात आली की पहिले काम मोजमापाचे. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवा. चेहरा किंवा हात तोंडासमोर येऊ देऊ नका. नळीच्या मागच्या टोकाच्या खुंटीवर टोपी (आघाताने पेटणारी ठिणगीची टोपी) असेल तर ती आधी काढा. मग लाकडी किंवा पितळी गज हलकेच आत सोडा, तोंडाशी येईल तिथे त्यावर चिकटपट्टीची खूण करा, गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावा. खूण तोंडाशी धरल्यावर गजाचे दुसरे टोक टोपीच्या खुंटीजवळ पोहोचले पाहिजे. १८५३ च्या एनफिल्ड या ब्रिटिश ठासणीच्या रायफलीची नळी सुमारे ९९ सेंमी लांब आहे. गज चार-पाच सेंमी अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे, आणि ते भरलेले आहे असेच समजायचे. ते स्वतः उकरू नका, गरम करू नका. परवानाधारक बंदूक कारागिराकडेच द्या.

मागून भरायच्या रायफलींत ब्रीच, म्हणजे नळीचे मागचे तोंड, उघडून डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. लेबेल किंवा माउझर ७१/८४ सारख्या रायफलींत काडतुसे नळीखालच्या लांब मॅगझिनमध्ये ओळीने राहतात. वरचा कक्ष, म्हणजे काडतूस बसते ती नळीतली जागा, रिकामा दिसला म्हणून रायफल रिकामी ठरत नाही.

मॉडेलचे वर्ष हेच बनावटीचे वर्ष मानणे

या गैरसमजाने माणसे कायद्याच्या कचाट्यात सापडतात. 'मॉडेल १८९६' म्हणजे त्या साली तो नमुना स्वीकारला गेला. स्वीडनची एम/९६ माउझर १९४४ पर्यंत बनत होती. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेले शस्त्र 'अँटिक' ठरते, म्हणजे निर्णय नमुन्याच्या नावावर नाही, त्या एका रायफलीच्या बनावटीच्या तारखेवर होतो. तारीख कोरलेली नसेल तर कारखान्याचे नाव मदत करते. लुडविग लोव्हे, बर्लिन असा शिक्का असलेल्या माउझर १८९८ च्या आतल्याच आहेत, कारण ती कंपनी त्याआधीच डीडब्ल्यूएम या जर्मन शस्त्र कंपनीत विलीन झाली होती. ब्रिटनमध्ये कसोटी वेगळी आहे. तिथे २०२१ च्या नियमांत कालबाह्य काडतुसांची यादीच दिली आहे आणि त्या वेळी सात काडतुसे त्या यादीतून वगळली गेली. कालपर्यंत विनापरवाना ठेवता येणारे शस्त्र दुसऱ्या दिवशी परवान्याच्या कक्षेत आले. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्ती करूनही चालवता येणार नाही अशा जुन्या नमुन्याच्या शस्त्राला वेगळी वागणूक आहे. 'जुनी आहे' एवढे तिथे पुरत नाही.

रायफलीला सूट असली म्हणून तिच्या जिवंत काडतुसाला सूट असते असेही नाही. दोन्हींचे नियम वेगळे वाचा, आणि विकत घेण्याआधी वाचा.

शिक्क्यांवर डोळे मिटून विश्वास

मार्टिनी-हेन्री रायफल १८७१ साली ब्रिटिश सैन्यात आली आणि पुढे तिच्या नकला होत आल्या. खैबर खिंडीच्या परिसरात हाताने घडवलेल्या रायफलींवर एनफिल्डचा मुकुट आणि 'व्ही. आर.' ही राणीची अक्षरे ठोकलेली असतात, पण खाली साल असते १९०५ किंवा १९१०. राणी व्हिक्टोरियाचे निधन जानेवारी १९०१ मध्ये झाले, तेव्हा हे जुळतच नाही. 'एन' हे इंग्रजी अक्षर उलटे, मुकुट वेडावाकडा, ओळ तिरकी, ही आणखी लक्षणे. अशी रायफल संग्रहाला निरुपयोगी नाही, त्या कारागिरांचा स्वतःचा इतिहास आहे. मात्र ती एनफिल्ड म्हणून घेऊ नका आणि तिच्यातून कधीही गोळी झाडू नका, कारण तिच्या पोलादाची खात्री देता येत नाही.

नेपाळची गहेंद्र रायफल बाहेरून मार्टिनीसारखी दिसते. आत मात्र मार्टिनीची वेटोळी स्प्रिंग नसून चपटी कमान आहे आणि सुटे भाग एकमेकींना बसत नाहीत. मार्टिनीचा भाग तिच्यात ठोकून बसवू नका.

शिक्का खरा की नवा हे ओळखायला बाजूने तिरका प्रकाश टाका आणि दहापट भिंगातून पाहा. ठोकलेल्या अक्षराच्या कडेला धातू किंचित उचललेला असतो आणि अक्षराच्या तळाशीही आजूबाजूसारखाच जुना रंग असतो. यंत्राने कोरलेल्या अक्षराचा तळ सपाट किंवा रेघारेघांचा दिसतो. गंजाच्या खळगीच्या वरून अक्षर गेले असेल तर ते गंजानंतरचे आहे. ही एकच खूण मी सर्वांत भरवशाची मानतो.

काडतुसाच्या नावावरून माप ठरवणे

इथे सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून सावकाश घेऊ. कालबाह्य काडतुसाचे नाव म्हणजे माप नव्हे. मार्टिनी-हेन्रीच्या .५७७/४५० मध्ये .५७७ हा मूळ पुंगळीचा, म्हणजे दारू आणि गोळी धरणाऱ्या पितळी नळीचा, आकार (इंचांत) आहे. ती पुढे आवळून .४५० ची केली. गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम, कागदात गुंडाळलेली. दारू ८५ ग्रेन, सुमारे साडेपाच ग्रॅम. रायफलीच्या नळीत आतून कोरलेल्या वळणदार खाचांच्या तळाशी व्यास नावातल्या आकड्याहून जास्त भरतो.

'अकरा मिलिमीटर' म्हणून विकली जाणारी काडतुसे तर एका घराण्यातली वाटतात. फ्रेंच ग्रा ११×५९ आर (गोळीचा व्यास × पुंगळीची लांबी मिलिमीटरमध्ये; 'आर' म्हणजे बुडाला कड), जर्मन माउझर ७१ ची ११×६० आर, स्पॅनिश रेमिंग्टनची ११.१५×५८ आर, आणि शेजारीच रशियन बर्डनची १०.७५×५८ आर. पुंगळीच्या लांबीत एक-दोन मिलिमीटरचा फरक, खांद्याची जागा वेगळी, कडेची जाडी वेगळी. डोळ्यांनी हे ठरत नाही.

०.०२ मिमी वाचणारे व्हर्निअर घ्या आणि दर काडतुसाची ही मापे लिहा: पुंगळीची लांबी, कडेचा व्यास आणि जाडी, कडेच्या लगेच वरचा व्यास, खांद्याचा व्यास, मानेचा व्यास, गोळीचा व्यास, एकूण लांबी आणि वजन. चुंबक लावून पाहा, गोळीचे आवरण पोलादी आहे का ते कळते. व्हर्निअरचे जबडे प्लास्टिकचे असतील तर उत्तम, पोलादी जबड्यांचे ओरखडे मऊ शिशावर कायमचे राहतात. कडेत स्फोटक असलेल्या काडतुसाची कड दाबून मोजू नका.

रायफलीचा कक्ष ओळखायचा असेल तर साचा काढतात. यासाठी सेरोसेफ नावाचा मिश्रधातू वापरतात. तो ७० ते ८८ अंश सेल्सिअसला वितळतो, त्यामुळे गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात काम होते. त्यात शिसे आणि कॅडमियम आहे, म्हणून स्वयंपाकाचे भांडे वापरू नका, खिडक्या उघड्या ठेवा. क्रम असा: कक्ष स्वच्छ आणि पूर्ण कोरडा करा, तेलाचा अगदी पातळ हात द्या, कक्षाच्या पुढे नळीत दोन सेंमीवर कापडाचा घट्ट बोळा बसवा, नळी तोंड खाली करून उभी धरा आणि धातू एका दमात ओता. थांबत ओतला तर थरांची घडी पडते आणि खांद्याचे माप चुकते. अर्ध्या तासाच्या आत साचा तोंडाकडून लाकडी गजाने हलकेच ढकलून काढा. माप कधी घ्यायचे यात पुष्कळ जण चुकतात. धातू आधी आकसतो, मग फुगू लागतो. ओतल्यापासून सुमारे एका तासाने तो कक्षाच्या खऱ्या मापाला येतो, तेव्हाच मोजा. दोनशे तासांनी तोच साचा सुमारे ०.०६ मिमी मोठा भरतो. कपाटात ठेवलेला जुना साचा पुन्हा मोजून निष्कर्ष काढणे म्हणून चूक.

'बसते, म्हणजे चालते'

जर्मन गेवेहर ८८ ची मूळ गोळी ८.०८ मिमीची. १९०५ च्या सुमारास सैन्याने ८.२० मिमीची टोकदार गोळी स्वीकारली. पुंगळी जवळजवळ तीच राहिली, म्हणून नवे काडतूस जुन्या रायफलीत जाऊन बसते. ०.१२ मिमीने जाड गोळी अरुंद नळीतून ढकलली गेली की दाब धोकादायक चढतो. काही ८८ वर 'एस' शिक्का आहे, पण त्यावरून नळी बदलली असे सिद्ध होत नाही. इटलीच्या व्हेटर्लीचेही असेच: काळ्या दारूच्या १०.३५ मिमी काडतुसासाठी घडवलेल्या रायफली पहिल्या महायुद्धात ६.५ मिमीच्या काडतुसासाठी बदलल्या गेल्या. ती निकडीच्या वेळची तडजोड होती. संग्रहातल्या रायफलीतून गोळी झाडू नका, हा सल्ला मी कोणतीही सूट न ठेवता देतो.

रिकामा चाप ओढून 'टक' आवाज ऐकण्याची सवयही सोडा. शॅस्पो आणि ड्रायझ या सुईच्या रायफलींची, काडतुसात शिरून ते पेटवणारी, लांब बारीक सुई ठिसूळ झालेली असते. शॅस्पोच्या बोल्टवरची रबरी चकती तर बहुधा दगडासारखी कडक झालेली असते, बोल्ट जोराने मारला की तुकडे पडतात.

काडतूस चमकवणे

जुने पितळ तपकिरी दिसते ते खराब झाले म्हणून नव्हे. तो थर पुंगळीचे रक्षण करतो. पितळ उजळायच्या पुष्कळ द्रावणांत अमोनिया असतो, आणि अमोनिया हा ताणलेल्या पितळेचा शत्रू आहे. ब्रिटिश फौजेला हा धडा भारतातच मिळाला. पावसाळ्यात काडतुसे तबेल्यांत ठेवली जात, आणि पाऊस सरल्यावर पुंगळ्यांना तडे गेलेले दिसत, विशेषतः गोळी आवळलेल्या मानेपाशी. कारण १९२१ साली उलगडले: घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळ थंडच ओढून पुंगळी घडवताना तिच्यात राहिलेला ताण. तुमच्या कपाटात तबेला नाही, पण अमोनियायुक्त फरशी-काच पुसायची द्रावणे त्याच खोलीत वापरली तरी धोका आहे.

मार्टिनीचे सुरुवातीचे बॉक्सर काडतूस तर एकाच वस्तूत चार दुखणी घेऊन येते. पितळी पत्र्याची गुंडाळी, लोखंडी बूड, कागद आणि शिसे. पत्रा घासला तर गुंडाळी सुटते. पाण्याने पुसले तर लोखंडी बूड आतून गंजते. तेल लावले तर कागद डागाळतो. याला फक्त मऊ कोरडा कुंचला लावा, दुसरे काही नाही.

गोळीवर पांढरी भुकटी दिसली तर ते शिशाचे संक्षारण आहे. ओक किंवा चेस्टनटच्या ड्रॉवरमधून सुटणारी आम्लयुक्त वाफ हे नेहमीचे कारण. भुकटी विषारी आहे, फुंकून उडवू नका. हातमोजे घालून काडतूस बाहेर काढा आणि आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या डबीत, पॉलिइथिलीन फोमवर ठेवा. पीव्हीसीची पाकिटे टाळा.

धूररहित दारूच्या काडतुसाच्या मानेभोवती ओलसर हिरवा थर आणि आंबट वास आला तर आतली दारू कुजते आहे. ते इतरांपासून लगेच वेगळे करा आणि विल्हेवाटीसाठी अधिकृत यंत्रणेला कळवा. जिवंत काडतूस भोक पाडून, गोळी उपसून किंवा गरम करून 'निकामी' करू नका. लफोशोच्या पिनवाल्या काडतुसात बाहेर आलेल्या पिनेवर आघात झाला की ते पेटते. अशी काडतुसे एकेका खाचेत, पिनेला काहीही न टेकेल अशी ठेवा.

रंगीत खुणांचे काडतूस ओळख पटेपर्यंत घेऊच नका. ब्रिटिश .३०३ काडतुसात बुडातल्या टोपीभोवतीची जांभळी कडा साध्या गोळीची, हिरवी कवचभेदी, निळी आग लावणारी, आणि पिवळी कारखान्यातल्या जादा दाबाच्या चाचणीची. दुसऱ्या देशात तोच रंग वेगळे सांगतो.

ठेवताना आणि पुसताना

दस्ता मनगटापाशी (हाताने धरायच्या बारीक भागापाशी) काळा, मऊ, तेलकट झाला असेल तर रायफल वर्षानुवर्षे तोंड वर करून ठेवली होती. यंत्रातले जादा तेल उतरून लाकडात मुरले. आडवी ठेवा, किंवा पुसून तोंड खाली करा, आणि तेल बोटाला जेमतेम लागेल इतकेच लावा. चामड्याचा पट्टा चढवून ठेवू नका. चामड्यातल्या टॅनिनने पोलाद आणि पितळ दोन्हींवर डाग पडतात.

पृष्ठभागावर बोट फिरवून नारिंगी भुकटी आली तर गंज जिवंत आहे. तेल लावून एक दिवस ठेवा आणि ०००० क्रमांकाच्या स्टील वूलने, शिक्क्यांपासून दूर, न दाबता काढा. बोटाला काही लागत नसेल आणि रंग गडद तपकिरी असेल तर तो राहू द्या. वरून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर पुरतो. काळ्या दारूची जुनी काजळी नळीत असेल तर तेल निरुपयोगी, कारण आतले क्षार तेलात विरघळत नाहीत. कोमट पाण्याचा ओला फडका, मग कोरडे फडके निर्मळ निघेपर्यंत, आणि लगेच तेल.

स्क्रू हलत नसेल तर जोर लावू नका. पेचकसाचे टोक खाचेच्या पूर्ण रुंदीचे आणि समांतर बाजूंचे असावे, पाचरीसारखे टोक खाच फोडते. भेदक तेलाचे दोन थेंब टाकून दोन दिवस थांबा, पुन्हा प्रयत्न करा.

खोलीची सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५० टक्के ठेवा. धातूला याहून कोरडे आवडते, पण लाकूड तडकते. नोंदीचा क्रमांक वस्तूवर चिकटवू नका, दोऱ्याने टॅग बांधा. काडतुसाला तेही नको, क्रमांक डबीवर लिहा आणि त्याच क्रमांकाखाली वहीत मापे, बुडावरच्या अक्षरांचा तिरक्या प्रकाशातला फोटो आणि ती वस्तू कोणाकडून कधी आली ते लिहा.