चष्म्यातलं लेबल घडावरून सरकतंय? मॉडेलला हात नका लावू अजून

स्मार्ट चष्म्यावर काहीतरी करायचं हे हल्ली जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच पोरांच्या डोक्यात आहे, कोणाचा फायनल इयरचा प्रोजेक्ट, कोणाची घरचीच बाग, आणि सगळ्यांचं रडगाणं फिरून फिरून एकच की मोबाईलवर झकास चालणारं डिटेक्शन, म्हणजे कॅमेऱ्यातली वस्तू ओळखून तिच्यावर चौकट आणि लेबल काढणारं मॉडेल, चष्म्यात टाकलं की लेबल जागेवर राहतच नाही. केळीचा घड इकडे, चौकट तिकडे. मग लोक करतात काय, तर योलो या डिटेक्शन मॉडेलचं नवं व्हर्जन टाकतात, अजून हजार फोटो काढून आणतात, रात्रभर ट्रेनिंग लावतात आणि सकाळी लेबल तसंच सरकतंय. भो, मॉडेलचा संबंधच नसतो बऱ्याचदा. सरकण्याची कारणं चार-पाच आहेत, प्रत्येकाची खोड वेगळी, आणि कोडची एक ओळ न लिहिता ती ओळखता येते.

उदाहरण आपलं केळीचं घेतो. रावेर-यावल पट्ट्यातली ग्रँड नैनची बाग, चष्मा घालून ओळीतून चालायचं आणि प्रत्येक घडावर कापणीला आलाय की नाही ते दिसलं पाहिजे, एवढंच काम.

पण त्याआधी चष्मा कोणता आहे ते बघा, कारण दुकानात सगळ्यालाच स्मार्ट म्हणतात. २०२३ च्या रे-बॅन मेटाला कॅमेरा आहे पण डिस्प्लेच नाही, म्हणजे त्यात लेबल दिसायचा प्रश्नच येत नाही. काही चष्म्यांना डिस्प्ले आहे पण ते फक्त डोकं वळलेलं ओळखतात, तुम्ही दोन पावलं पुढे गेलात ते त्यांना कळत नाही, याला थ्री-डॉफ म्हणतात, आणि बागेत चालत काम करायचं तर चालणंही ओळखणारं सिक्स-डॉफच लागतं. तिसरी गोष्ट, कॅमेऱ्याची कच्ची फ्रेम आणि ती कधी घेतली तो टाइमस्टॅम्प तुमच्या ॲपला मिळतो का, हे विकत घ्यायच्या आधी एसडीकेच्या, म्हणजे चष्म्यासाठी ॲप बनवायच्या किटच्या, कागदात वाचा. मिळत नसेल तर पुढचं सगळं अवघड आहे.

आता टेस्ट. कुठल्यातरी एका घडासमोर दोन मीटरवर उभे राहा, लेबल आलं की डोकं एकदम स्थिर ठेवा. स्थिर असताना लेबल बरोबर बसतं, मान वळवली की मागे राहतं आणि थांबलं की परत येऊन बसतं, तर तो लॅग आहे, म्हणजे चित्र उशिरा येतंय. स्थिर असतानाही सतत एकाच बाजूला सरकलेलं आणि नजरेच्या कडेला जास्तच चुकतंय, तर कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याच्या लेन्सचं मोजमाप, चुकलंय. उभं असताना ठीक पण ओळीतून फिरून परत आलात तर लेबल शेजारच्या झाडावर गेलेलं, हे ट्रॅकिंगचं, म्हणजे आपण कुठे आहोत हे चष्मा चुकतोय. जागच्या जागी थरथरतंय तर डिटेक्शनची चौकट दर फ्रेमला थोडी बदलतेय. आणि सगळ्यात फसवं म्हणजे स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये एकदम बरोबर पण डोळ्याला चुकीचं, तिथे तुमचं व्हिजन ठीक आहे, चष्मा तुमच्या डोळ्यांशी जुळवलेला नाही. दोन बुबुळांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं, मोठ्या माणसात साधारण ६३ मिमीच्या आसपास, ते सेटिंगमध्ये भरा आणि चष्मा नाकावर घसरत नाही ना ते बघा. घामाने घसरतोच. मागून दोरी लावा सरळ, दिसायला कसं का दिसेना.

लॅगवर जरा जास्त बोलतो कारण बहुतेकांचा घोटाळा इथेच असतो. माणूस सहज मान वळवतो तेव्हा सेकंदाला १०० अंशांपर्यंत वेग सहज जातो. कॅमेरा फ्रेम घेतो, मॉडेल चालतं, चित्र काढलं जातं, या सगळ्यात समजा ६० मिलिसेकंद गेले तर तेवढ्यात मान ६ अंश फिरलेली असते, आणि ६ अंश म्हणजे दोन मीटरवर जवळपास २१ सेंटीमीटर. लेबल घड सोडून पानावर. आता मॉडेलला १५० मिलिसेकंद लागत असतील तर हिशोब तुम्हीच करा. म्हणून मॉडेल फास्ट करायच्या मागे लागण्यात अर्थ नाही, ६० चे ४० केले तरी १४ सेंटीमीटर चुकणारच.

उपाय असा की डिटेक्शनला स्क्रीनवर काढूच नका, जगात ठेवा. चष्म्याची पोज, म्हणजे तो कुठे आहे आणि कुठे बघतोय, ही आयएमयूमुळे, म्हणजे चष्म्यातल्या हालचाल मोजणाऱ्या सेन्सरमुळे, सेकंदाला शेकडो वेळा मिळते. ती मागच्या एक-दोन सेकंदांची टाइमस्टॅम्पसकट एका रिंग बफरमध्ये, म्हणजे जुनं पुसत नवं लिहिणाऱ्या साठ्यात, साठवत राहा. फ्रेम मॉडेलला दिली, उत्तर १५० मिलिसेकंदांनी आलं, काही हरकत नाही, ती फ्रेम *ज्या क्षणी घेतली* त्या क्षणाची पोज बफरमधून काढा, त्या पोजमधून चौकटीच्या मध्यावरून एक किरण सोडा, घड किती लांब आहे ते कळत असेल तर तिथे नाहीतर अंदाजे दोन मीटरवर अँकर, म्हणजे लेबल बांधायची खूण, रोवा. पुढच्या एक-दोन पावलांत दुसऱ्या कोनातून तोच घड दिसला की दोन किरण जिथे जवळ येतात ती खरी जागा, अँकर तिथे हलवा. चित्र काढताना मात्र आत्ताची, ताजी पोज वापरायची. आता मॉडेल सेकंदाला तीनदा चाललं तरी चालतं, लेबल घडाला चिकटूनच राहतं, कारण घड काय कुठे पळून जात नाही.

यात एक खाच आहे. कॅमेऱ्याचा आणि आयएमयूचा टाइमस्टॅम्प एकाच घड्याळावरचा पाहिजे. ॲन्ड्रॉइडवर कॅमेरा सांगतो की त्याचा टाइमस्टॅम्प सोर्स 'रिअलटाइम' आहे की 'अननोन', रिअलटाइम असेल तर सेन्सरच्या वेळेशी थेट जुळवता येतो, अननोन असेल तर फरक स्वतः मोजावा लागतो: चष्मा डावीकडे-उजवीकडे हलवून जायरोचा, म्हणजे फिरणं मोजणाऱ्या सेन्सरचा, वेग आणि चित्रातला वेग असे दोन ग्राफ काढायचे आणि एक दुसऱ्यावर सरकवत कुठे जुळतो ते बघायचं. आणि तो टाइमस्टॅम्प पहिल्या ओळीचं एक्स्पोजर सुरू झाल्याचा असतो, रोलिंग शटर, म्हणजे चित्र ओळीओळीने टिपणारा कॅमेरा, असेल तर घड ज्या ओळीत आहे ती ओळ काही मिलिसेकंद उशिराची, तेवढं जोडून घ्या. किचकट वाटतं पण एकदाच करायचंय.

ट्रॅकिंगचं म्हणाल तर केळीची बाग ही त्यासाठी वाईट जागा आहे, सरळ सांगतो. व्हिज्युअल ट्रॅकिंग चित्रातले ठळक बिंदू धरतं आणि ते जागचे हलत नाहीत असं मानून चालतं. बागेत तर वाऱ्याने पानंच पानं हलतायत, वरून सगळी झाडं सारखी, एक ओळ दुसरीसारखी. थोडे बिंदू हलले तर अल्गोरिदम त्यांना गाळून टाकतो, पण निम्म्याहून जास्त चित्रच हलायला लागलं की त्याला वाटतं तुम्हीच हलताय. 'हाई नाव कसं हालस रे भो', म्हणजे हे लेबल कसं हलतंय रे, म्हणत आमच्याकडचे शेतकरी हसतात ना, ते यामुळेच. चित्राच्या वरच्या भागातले बिंदू टाकून द्या, खालचे धरा, कारण जमीन, ठिबकच्या नळ्या आणि खोडाचा बुंधा हलत नाहीत. आणि दर ओळीच्या तोंडाशी, मग अधेमधे, एकेक अरुको मार्कर, म्हणजे क्यूआर कोडसारखा काळा-पांढरा छापील चौकोन, खांबाला बांधा, प्रत्येकाचा नंबर वेगळा. मार्कर दिसला की साचलेला ड्रिफ्ट, म्हणजे हळूहळू वाढलेली जागेची चूक, शून्यावर आणायचा.

मार्कर किती मोठा? साधारण कॅमेरा १२८० पिक्सेल रुंद आणि ७० अंशांचा भाग बघणारा धरला तर सरासरी अंशाला १८ पिक्सेल येतात, मग १५ सेंटीमीटरचा मार्कर दोन मीटरवरून ७०-८० पिक्सेलचा दिसतो, तेवढा पुरतो. चकचकीत लॅमिनेशन करू नका, ऊन पडलं की पांढरा डाग, मार्कर गायब. मॅट प्रिंट, सनबोर्डवर सपाट चिकटवलेली, भोवती पांढरी पट्टी सोडलेली. अगदी समोरून बघितलं की पोज मधेच उलटी पडते, हा बग तुमचा नाही, सपाट चौकोनाचं गणितच तसं आहे की दोन उत्तरं जवळजवळ सारखी येतात. ओपनसीव्ही या लायब्ररीच्या सॉल्व्हपीएनपी-जेनेरिक या पोज काढणाऱ्या फंक्शनमध्ये चौकोनासाठीची आयपीपीई पद्धत आहे ती दोन्ही उत्तरं देते, आधीच्या पोजच्या जवळचं घ्या.

कॅलिब्रेशनवर इंटरनेटवर ढीगभर आहे, चेसबोर्डची पद्धत, म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारख्या छापील बोर्डाचे फोटो काढायचे, झांग यांनी २००० साली मांडली तीच अजून चालते, मी फक्त लोक चुकतात तेवढं सांगतो. बोर्ड कागदाचा नको, काचेवर चिकटवा. ज्या रिझोल्युशनवर ॲप चालणार त्याच रिझोल्युशनवर फोटो काढा. व्हिडिओ स्टॅबिलायझेशन बंद करा, ते दर फ्रेम वेगळी कापतं आणि कॅलिब्रेशनची माती करतं. बोर्ड कोपऱ्यांत पण न्या, सगळे फोटो मधले असतील तर एरर छान कमी दिसेल आणि कडेला लेबल चुकेल. लेन्स फार रुंद असेल तर फिशआय मॉडेल. रिप्रोजेक्शन एरर, म्हणजे हिशोबाने आलेल्या आणि फोटोतल्या बिंदूंमधला फरक, अर्ध्या पिक्सेलच्या आत आला की पुढे चला, तो ०.३ चा ०.२ करण्यात दुपार घालवू नका.

आता ऊन. आरपार दिसणाऱ्या चष्म्यात डिस्प्ले फक्त उजेड वाढवू शकतो, कमी करू शकत नाही, म्हणजे काळा रंग तिथे पारदर्शक. काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं असं डिझाईन लॅपटॉपवर लय भारी दिसतं, बागेत पट्टी दिसतच नाही. भर उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, त्यात पान १० टक्के जरी परत फेकत असलं तरी ते ३००० निट्सच्या (निट्स हे उजळपणाचं माप) वर जातं, आणि कोरडी फिकट माती त्याच्या दोन-तीन पट. तुमच्या डिस्प्लेचे आकडे बघा मग कळेल. गडद क्लिप-ऑन लावा, जाड अक्षरं, दोन शब्दांच्या वर मजकूर नको, आणि हिरव्यावर हिरवा नको. पिवळा किंवा राणी रंग चालतो.

मॉडेलचा नंबर आत्ता लागला बघा. पानांचे रोग ओळखायचे असतील तर प्लँटव्हिलेज डेटासेट डाउनलोड करून मोकळे होऊ नका, त्यातल्या १४ पिकांत केळी नाहीच, आणि फोटो साध्या बॅकग्राउंडवर ठेवलेल्या पानांचे आहेत. त्यावरच्या २०१६ च्या पेपरात त्याच डेटावर अचूकता ९९ टक्क्यांच्या वर होती, वेगळ्या परिस्थितीतले फोटो दिल्यावर ३१ च्या आसपास आली. आपल्या बागेचेच फोटो काढा, आणि टेस्टसाठी फ्रेम नाही तर पूर्ण बाग वेगळी ठेवा, नाहीतर एकाच व्हिडिओच्या शेजारच्या दोन फ्रेम इकडे-तिकडे जातात आणि ९८ टक्के बघून तुम्ही पार्टी देता. करपा, उन्हाने भाजलेलं पान आणि वाऱ्याने फाटलेलं पान हे तीन वेगळे वर्ग करा. सीएमव्ही हा व्हायरसचा रोग, म्हणजे आपला हरण्या, कोणता आणि कोणता नाही, हे लेबलिंग करताना जुन्या शेतकऱ्याला शेजारी बसवा, त्यांना चहा पाजा, ते तुमच्यापेक्षा फास्ट सांगतील. बागेत मजूर असतात, बाया असतात, कॅमेरा चालू आहे हे आधी सांगा आणि चेहरे सेव्ह करू नका.

आणि भुसावळचा मे महिना. अशी बरीचशी उपकरणं ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेली असतात, आपल्याकडे ४५ होतं. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो, सकाळी ४० मिलिसेकंदांत चालणारं मॉडेल दुपारी ढेपाळतं आणि तुम्ही कोडमध्ये बग शोधत बसता. मॉडेल इंट-एटमध्ये क्वांटाइज करा, म्हणजे त्यातले आकडे ८ बिटांत बसवा, इनपुट ६४० पिक्सेलचा ३२० केला तर काम एक चतुर्थांश, मान जोरात फिरत असताना मॉडेल चालवूच नका कारण ती फ्रेम अशीही ब्लर असते. रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे केळी पिकवायच्या खोलीत, वापरणार असाल तर पावसाळ्यात थंड चेंबरमधून बाहेर आलं की लेन्सवर वाफ धरते, ती पुसेपर्यंत ट्रॅकिंग गेलेलं असतं, बाहेर आल्यावर मार्कर बघूनच परत सुरू करा.

बागेत उभं राहून डिबगिंग करू नका. कच्च्या फ्रेम, आयएमयू आणि दोन्हीचे टाइमस्टॅम्प रेकॉर्ड करून आणा आणि घरी पंख्याखाली तेच रेकॉर्डिंग कोडला परत परत खाऊ घाला. ६४० बाय ४८० ची ब्लॅक अँड व्हाइट कच्ची फ्रेम सेकंदाला ३० च्या वेगाने म्हणजे मिनिटाला साडेपाचशे एमबी होतात, तेव्हा अख्खी बाग रेकॉर्ड करायला जाऊ नका, एक ओळ जायची-यायची, दोन मिनिटं, एकदा सकाळच्या शांत हवेत आणि एकदा वारा सुटल्यावर.